वस्तीतल्या मुलांचा रविवारचा स्वयंपाकवर्ग: काय शिकवावं, कसं शिकवावं?

माळरान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या एका वस्तीत आमची छोटी संस्था अभ्यासिका चालवते. संध्याकाळी गृहपाठ, शनिवारी गोष्टी आणि प्रयोग, आणि गेल्या पावसाळ्यापासून रविवारी सकाळी स्वयंपाक. मुलं साधारण नऊ ते चौदा वयाची, मुलगे-मुली दोघंही. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी, कुणी मराठी.

रविवारच का, तर शाळा चालू असली की दुपारी पोषण आहार मिळतो. पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं त्याचं माप ठरलेलं आहे. रविवारी आणि सुट्ट्यांत ते ताट नसतं. आई विड्या वळायला बसलेली असते. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने, त्यामुळे हात थांबला की पैसे थांबले. मग मुलांच्या हातावर पाच-दहा रुपये टेकवले जातात आणि टपरीवरून खारट-तिखट नळ्यांचं पाकीट येतं. त्या आईला बोल लावायचं मला काहीच कारण दिसत नाही. पण त्याच घरात ज्वारीचं पीठ असतं, शेंगदाणे असतात, कांदा असतो, मूठभर डाळ असते. भूक लागल्यावर त्याचं काय करायचं हे मुलाला ठाऊक असावं, एवढ्यासाठी हा वर्ग. घरात आहे त्यातून, अथपासून इतिपर्यंत, मुलाने स्वतः एक पदार्थ करायचा आणि सगळ्यांनी बसून खायचा.

मुलांचे स्वयंपाकवर्ग म्हटलं की बऱ्याच ठिकाणी मुलांना गॅसपाशी उभं करायला नको म्हणून सँडविच, भेळ आणि बिस्किटांचा केक शिकवतात. मला हे पटत नाही. बिस्किटांचा चुरा दुधात कालवून कुकरमध्ये ठेवला म्हणजे मूल स्वयंपाक शिकलं असं नाही, आणि ते खाणं रोजचंही नाही. ओट्स आणि ब्रोकोलीचंही तेच. ती कुणाच्याच घरात नाहीत. पौष्टिक खाणं दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून, पैसेवाल्यांकडून येतं असा मुलांचा समज झाला तर वर्ग भरवून उपयोग काय?

भाकरीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ आम्ही तिच्यावरच घालवला. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून पिठात कढत पाणी घालून आधी उलथन्याने कालवायचं आणि हाताला सोसेल इतकं झालं की तळहाताने रगड रगड रगडायचं. पीठ ताजं दळलेलं हवं. जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापतानाच फाटते. हे मुलांना सांगून कळत नाही. एका परातीत ताजं पीठ, दुसरीत महिन्याभराचं, दोन्ही मळायला दिली की पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. सुरुवातीला पुरीएवढीच भाकरी थापायला सांगतो. कडेला चिरा पडतात, त्या ओल्या बोटाने सांधायच्या. खाली पीठ भुरभुरत, बोटांनी हलकेच फिरवत थापायचं. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं आणि ते सुकायच्या आत उलटायची, नाहीतर तडकते. पाणी नेमकं कधी सुकत आलं हे बघायला जी मुलं तव्याकडे डोळे लावून उभी राहतात, तीच एरवी दहा मिनिटं एका जागी बसत नाहीत म्हणून शाळेत बोलणी खातात.

दुसरा आवडता रविवार अंबाडीचा. दोन मोठ्या जुड्या आणल्या आणि मुलांना आदल्या दिवशी घरी विचारून यायला सांगितलं. तेलुगू घरातल्या मुलांनी पानं तेलावर परतून, भाजलेल्या लाल मिरच्या आणि लसणाबरोबर वाटून चटणी केली. कन्नड घरातल्यांनी तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून पुंडीपल्ले शिजवलं. मराठी घरातल्यांनी तांदळाच्या कण्या, डाळ आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. एकाच पालेभाजीचे तीन पदार्थ मधे ठेवून सगळी जेवली. पालेभाजी खा म्हणून कुणाच्या मागे लागावं लागलं नाही.

आता माझ्या अडचणी. सुरी, विळी आणि गॅस कोणत्या वयाला हातात द्यावा यावर आमच्या कार्यकर्त्यांमध्येच एकमत नाही. अंड्याचं काय करावं ते कळत नाही. काही घरांत चालतं, काही घरांत मुळीच नाही. मुलगे वर्गात मनापासून करतात, पण घरी गेल्यावर आजी हातातली परात काढून घेते. आणि पैसा अर्थातच. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा. नुसतं कौतुक नको, काय जमलं आणि काय फसलं ते हवंय.

गवतीचहा

छान उपक्रम. एक प्रश्न आहे, वाईट वाटून घेऊ नका. घरात तंबाखू आणि पानं हाताळली जातात, मुलंही कधी आईला मदत करत असतील. त्यांच्या हाताला तंबाखूची भुकटी असणार. मळायच्या आधी हात धुण्याकडे नीट लक्ष देता ना?

माळरान

वाईट कशाला वाटेल, हा पहिलाच मुद्दा आहे. नखं कापलेली, कोपरापर्यंत साबण, मग नखांच्या खाली घासायचं, आणि टॉवेलला हात न पुसता हवेत वाळवायचे. इथे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून एक मूल तांब्याने पाणी ओततं आणि दुसरं हात धुतं. घरी विड्या वळायचं सूप आणि तंबाखूचा डबा चुलीपासून लांब ठेवायचं मुलांनीच आयांना सांगितलं. आम्ही सांगितलं असतं तर कदाचित आवडलं नसतं.

निवृत्त_बाई

माळरान, मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत वर्षानुवर्षं कार्यानुभवाचा तास घेतला. तुमच्या वयाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते वयात नाही, कामाच्या क्रमात आहे. प्रत्येक मुलाने आधी निवडणं, धुणं, सोलणं, शेंगा फोडणं करावं. मग किसणी आणि खलबत्ता. मग बोथट सुरीने केळं, उकडलेला बटाटा, काकडी. मग धारेची सुरी आणि पाट. विळी सगळ्यात शेवटी, आणि तीही पाय रोवून नीट बसता येत असेल तरच. एक काम हाताला बसलं की पुढचं. नऊ वर्षांची एखादी मुलगी विळीवर सराईत असते आणि तेरा वर्षांच्या मुलाने सुरी धरलेली नसते.

गॅसचं मात्र मी कडक ठेवते. एका शेगडीमागे एक मोठं माणूस, ते त्या वेळात दुसरं काही करणार नाही. केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली, सुती कपडे. पातेल्याचे कान आतल्या बाजूला वळवलेले. कढत तेलात ओलं काही टाकायचं नाही. कुकर मुलांनी उघडायचा नाही. वाफ पूर्ण गेली की नाही हे मोठ्यांनीच बघायचं. वर्ग संपला की रेग्युलेटर बंद करायचं काम रोज एका मुलाला द्या, पण बंद झालंय का ते स्वतः तपासा.

भाजलं तर गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फही नाही. तुमच्याकडे नळ चालू नसेल तर दोन बादल्या आणि मग वर्ग सुरू व्हायच्या आधीच भरून ठेवा, त्या पाण्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. मोठं भाजलं तर पाणी ओतत ओतत सरळ दवाखाना.

आडवाटेवरचा

मला हे सगळं वाचून थोडं अस्वस्थ व्हायला झालं आणि ते स्पष्ट लिहितो.

या वस्त्यांमधल्या मुली तशाही दहाव्या वर्षी भात लावतात, धाकट्यांना भरवतात, भांडी घासतात. कित्येकींची शाळा त्यातच सुटते. तिथे तुम्ही त्यांना अजून भाकरी थापायला शिकवताय. उद्या आई म्हणेल, बरं झालं, आता संध्याकाळचा स्वयंपाक हिच्याकडेच. शहरातल्या सोसायटीतल्या मुलांना स्वयंपाक शिकवणं वेगळं आणि इथे शिकवणं वेगळं. त्या मुलींना रविवारी कॅरम खेळू द्या, पुस्तकं द्या. स्वयंपाक त्यांच्या नशिबी आहेच.

पाटावरवंटा

आडवाटेवरचा यांच्याशी सहमत नाही, पण मुद्दा सोडून देण्यासारखाही नाही. माळरान काय म्हणतात ते वाचायला थांबते.

माळरान

आडवाटेवरचा, हे लिहिलंत ते बरं झालं. आम्ही सुरुवात करण्याआधी यावरच सगळ्यात जास्त बोललो होतो.

आमच्याकडे येणाऱ्या काही मुली खरंच रोज घरी स्वयंपाक करतात. पण काय करतात ते बघा: भात लावायचा, कालवण पातळ करून सगळ्यांना पुरवायचं, सगळ्यांना वाढायचं आणि उरेल ते आपण खायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये ३१ टक्के. मासिक पाळी हे त्याचं एक मोठं कारण आहेच. पण ताटात शेवटी काय उरतं हेही आहे, आणि ते मी डोळ्यांनी बघते. चुलीपाशी रोज असणाऱ्या मुलीच्या ताटात सगळ्यात कमी पडतं.

म्हणून वर्गाचे दोन नियम आम्ही कधीच मोडत नाही. पहिला, कामं चिठ्ठीने ठरतात आणि फिरतात. खरकटी भांडी, केरवारा, ओटा पुसणं हे सगळं त्यात आलं. भांड्यांची चिठ्ठी आलेला मुलगा ती बदलून घेऊ शकत नाही. दुसरा, सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, आणि ज्यांनी केलं त्यांचं पान आधी वाढायचं. पहिल्या पहिल्या रविवारी मुली आपसूक मागे सरायच्या, वाढायला उभ्या राहायच्या. खाली बसा, तुमचं पान आधी, असं दर वेळी सांगावं लागलं. आता त्या बसतात.

आणि मुली घरी आधीच जे करतात ते आम्ही पुन्हा शिकवत बसत नाही. एका मुलीला भाकरी माझ्याहून चांगली येते. तिच्याकडे मळायचं काम येत नाही, ती चार मुलग्यांना शिकवते. ती मोठ्या आवाजात "पाणी कमी! रगड अजून!" म्हणते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी तिच्यात आणखी कुठे पाहिलेलं नाही. घरी ज्याला कामाची पोर म्हणतात, ते इथे तिचं कौशल्य म्हणून मानलं जातं. स्वयंपाक तिच्या नशिबी आहे म्हणून तिला त्यापासून लांब ठेवण्यापेक्षा, तो तिच्या भावाच्याही नशिबी यावा असं मला वाटतं.

पालकसभेत आम्ही आयांना हात जोडून सांगतो की वर्गात शिकलेलं घरी करायचं ते आठवड्यातून एकदा, आणि मुलाने. मुलीला त्या दिवशी सुट्टी. सगळे ऐकत नाहीत. काही ऐकतात.

आडवाटेवरचा

भांड्यांच्या चिठ्ठीचा आणि पान आधी वाढायचा नियम पटला. माझी काळजी पूर्ण गेली असं नाही, पण तुम्ही डोळे उघडे ठेवून करताय. एक विनंती: एखादी मुलगी अभ्यासिकेला यायची कमी झाली तर घरी जाऊन बघत जा, स्वयंपाक तिच्यावर पडलाय का ते.

माळरान

हजेरी तशीच बघतो. लक्षात ठेवते.

पालक_शेपू

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून माझ्या बाजूने थोडं.

मुलांसमोर व्हिटॅमिनांचा तक्ता लावू नका. त्याऐवजी दोन-तीन जोड्या हातातून जाऊ द्या, त्या आयुष्यभर टिकतात. ज्वारीच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं, म्हणून भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ. पालेभाजी आणि कडधान्यातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, त्याला क जीवनसत्त्वाची साथ लागते, म्हणून वरून लिंबू. लिंबू आच बंद केल्यावर पिळायचं, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने बरंचसं नष्ट होतं. आणि जेवणाबरोबर चहा नको. चहाने लोहाचं शोषण कमी होतं. तुमच्याकडे भाकरी चहात बुडवून खाणारी मुलं असतील. त्यांना चहा सोड म्हणू नका, जेवणानंतर तासाभराने घे म्हणा. हे लहान वाटतं, पण रक्तक्षय असलेल्या मुलीसाठी लहान नाही.

मोड हा वर्गासाठी सोन्यासारखा विषय आहे. मटकी रात्री भिजवायची, सकाळी निथळून कापडात बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड. मुलांना घरी पुरचुंडी देऊन पाठवा आणि कुणाचे मोड मोठे आले ते बघा. मोड आणल्याने लोहाला अडवणारे घटकही कमी होतात. फक्त मोडाची उसळ वाफवून करा, लहान मुलांना कच्चे मोड पोटाला जड जातात आणि स्वच्छतेची खात्रीही नसते.

पाकिटांबद्दल रागावू नका. पाकीट वर्गात आणा आणि मागचं वाचायला लावा. बाटलीवर १०० मिलीला १० ग्रॅम साखर लिहिली असेल तर २५० मिलीच्या बाटलीत किती? २५ ग्रॅम. मग ती साखर चहाच्या चमच्याने वाटीत मोजायची, सहा चमचे होतात. तेवढी साखर घातलेलं सरबत कोण पिईल विचारा. मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितलंय, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, पाकीट सगळं आलं. मुलं हिशोब पटकन करतात आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगतात.

शेवटचं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं: जाड, बारीक, वजन हे शब्द वर्गात कुणीच काढू नयेत, कार्यकर्त्यांनीही नाही. अमुक खाल्लं की जाड होशील असं ऐकलेल्या मुली चौदाव्या वर्षी जेवण टाकायला लागतात. मी अशा मुली रोज बघते.

टेम्सकाठी

मी लंडनमध्ये राहते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून ५ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत स्वयंपाक आणि पोषण शिकवणं अभ्यासक्रमातच आहे, पण सगळ्या शाळांत स्वयंपाकघर नसतं, म्हणून वस्तीपातळीवरच्या संस्था बरंच काम करतात. अशाच एका केंद्रात मी मदतीला जाते. तिथे सगळ्यात आधी सुरी धरायच्या दोन पद्धती शिकवतात आणि त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. पहिली पुलाची: अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, मधे कमान, आणि सुरी त्या कमानीखालून जाते. गोल टोमॅटो, कांदा अर्धा करायला ही. दुसरी पंजाची: बोटांची टोकं आत वळवून पदार्थ धरायचा, म्हणजे सुरी बोटांच्या पेरांना टेकून सरकते आणि टोकं सुरक्षित राहतात. आठ वर्षांची मुलंसुद्धा हे नीट करतात.

अजून एक. आम्ही पाककृतीच्या कागदावर पूर्ण खर्च लिहितो. तुमच्या वस्तीत तर हे फारच कामाचं होईल. दहा रुपयांच्या पाकिटाशेजारी दहा रुपयांचे शेंगदाणे आणि गूळ ठेवा, वजन करा, मुलं बोलतील.

माळरान

टेम्सकाठी, पंजाची पद्धत आजच कांद्यावर करून बघितली, खरंच सोपी आहे. खर्चाचा कागद नक्की करतो. हिशोब मुलांकडूनच करून घेऊ. एक किलो ज्वारीच्या पिठात मध्यम १४-१५ भाकरी होतात हे त्यांना माहीत आहे, पुढचा भागाकार ती करतील.

पाटावरवंटा

हिशोबावरून आठवलं. सेवाग्रामला आश्रमाच्या परिसरात आनंद निकेतन शाळा आहे, २००५ मध्ये ती नई तालीमच्या विचारावर पुन्हा सुरू झाली. बागकाम, सूतकताई आणि स्वयंपाक हे तिथे अभ्यासाचाच भाग आहेत. ज्याला नई तालीम म्हणतात तो विचार १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडला गेला. हाताच्या कामातून गणित, विज्ञान, भाषा. मी पाहायला गेले होते. बागेतली भाजी मुलंच काढतात, तोलतात, चिरतात. तुमच्याकडे गणिताला घाबरणारी मुलं असतील तर रविवारचं सामान काढायचं काम त्यांच्याकडे द्या. बावीस जणांना प्रत्येकी दोन भाकरी, पीठ किती, हा प्रश्न पुस्तकातला नसतो.

पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाच्या अभ्यासक्रमातही गृह आणि आरोग्य हा एक विभाग आहे, शेती आणि अभियांत्रिकीच्या बरोबरीने. मुलगे-मुली सगळेच सगळं करतात. म्हणजे तुम्ही करताय ते महाराष्ट्रात नवखं नाही, आधार म्हणून सांगायला हरकत नाही.

साधामाणूस

पैशाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. आम्ही आमच्या गावी संस्कारवर्गात असं काही काळ चालवलं. रोख देणगी मागण्यापेक्षा धान्य मागा. गिरणीवाल्याला दळण फुकट करून मागा, भाजीवाल्याला रविवारी उरलेली पालेभाजी मागा, लोक आनंदाने देतात कारण वस्तू कुठे गेली ते दिसतं. आम्हाला एका कंपनीने बिस्किटांचे खोके देऊ केले होते, बदल्यात मुलांच्या हातात पाकिटं देऊन फोटो. आम्ही नको म्हटलं. फार बोलणी बसली, पण पौष्टिक शिकवायचं आणि हातात बिस्किटाचा पुडा द्यायचा हे जमलं नसतं.

आणि पालकांकडून लेखी संमती घ्या. कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते त्यातच विचारा. आपल्याकडे दाण्याचं कूट सगळ्यात असतं, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल निघू शकतं. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं हवीत, एकट्याने कुणी एका मुलाबरोबर बंद खोलीत नको. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, पण कायदा आहे म्हणूनच असं नाही, हे एरवीही पाळायलाच हवं.

निवृत्त_बाई

साधामाणूस यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन.

गवतीचहा

अंड्याचं कुणीच बोललं नाही. माझं मत: अंडं करावं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, उकडायला सोपं, स्वस्त. नाही खात त्यांना आग्रह नाही.

आडवाटेवरचा

करावं, पण सांगून. आदल्या आठवड्यात पालकांना कळवा, भांडी वेगळी ठेवा. आपल्या मुलाला न विचारता दिलं असं एका घराला वाटलं तर सगळा वर्ग बंद पडेल.

पालक_शेपू

न खाणाऱ्यांसाठी त्याच वेळी मुगाचं धिरडं ठेवा. भिजवलेले हिरवे मूग, आलं, मिरची, जिरं वाटून. अंड्याच्या पोळीसारखंच तव्यावर घालता येतं, त्यामुळे कुणी वेगळं पडल्यासारखं वाटणार नाही.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी कार्यकर्त्यांना धागा वाचून दाखवला आणि आम्ही ठरवलंय ते लिहिते.

अंड्याचा रविवार महिन्यातून एकदा, शेवटचा. आधी कळवून, तवा वेगळा, बरोबर मुगाचं धिरडं. एक नियम वर्गात मोठ्या अक्षरात लावतोय: कुणाच्या घरच्या जेवणाला नाक मुरडायचं नाही. कोण काय खातं यावरून आपल्याकडे माणसं जोखली जातात आणि मुलं ते मोठ्यांकडूनच उचलतात. रमजानच्या महिन्यात काही मुलं रोजा धरतात, म्हणून त्या वेळी वर्ग संध्याकाळी घेऊ आणि फळं, खजूर, भिजवलेली हरभऱ्याची चाट मुलंच करतील. सगळे मिळून रोजा सोडायला बसतील, ज्यांचा रोजा नाही तेही.

पाण्याच्या दोन बादल्या आजच आणल्या. शेगडीमागे एक मोठं माणूस हे मानलं तर आमच्याकडे तीन शेगड्यांना माणसं कमी पडतात, म्हणून तूर्त दोनच लावणार.

आजीच्या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही, पण एक सुचलंय. पुढच्या महिन्यात आज्यांनाच बोलवायचं. प्रत्येकीने आपला एक पदार्थ आपल्या नातवाला शिकवायचा, नातीला नाही. हातातली परात काढून घेणाऱ्या आजीला परात नातवाच्या हातात द्यायला लावली, तर घरीही काही फरक पडेल अशी आशा आहे. पडला की इथे लिहीन, नाही पडला तरी लिहीन.

सोलापुरातले कुणी वाचत असेल तर आम्हाला रविवारी सकाळी साडेआठ ते अकरा माणसं हवी आहेत. स्वयंपाक उत्तम यायलाच हवा असं नाही. मूल चुकत असताना हातातून काढून न घेता उभं राहता यायला हवं, ते जास्त अवघड आहे.

साधामाणूस

माझी बहीण जुळे सोलापुरात असते, नुकतीच निवृत्त झाली आहे. तिला विचारतो. ज्वारीचं म्हणाल तर आमच्या ओळखीचे एक शेतकरी मंगळवेढ्याचे आहेत, सुगीनंतर एखादं पोतं द्यायला तयार होतील. तुम्हाला ठेवायला कोरडी जागा आहे का?

माळरान

आहे, पत्र्याची कोठी आहे, कडुलिंबाचा पाला घालून ठेवू. बहिणीला येत्या रविवारी नुसतं बघायला पाठवा, मटकीच्या उसळीचा दिवस आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवते.